मतदार, जनमत आणि कायदा : अमेरिकन मतदान-वर्तन संशोधनाच्या संदर्भात १९६७ च्या गोव्यातील जनमत कौलाची चिकित्सा

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत 'मतदान वर्तन' हे प्रकरण अनेक वर्षांपासून समाविष्ट आहे. या प्रकरणाची मांडणी बहुतेक पाठ्यपुस्तकांत एकसारखीच असते. प्रारंभी अमेरिकेतील अभ्यासांचा धावता उल्लेख येतो. त्यानंतर मतदानावर प्रभाव टाकणाऱ्या घटकांची यादी दिली जाते : जात, धर्म, भाषा, प्रादेशिकता, पैसा, नेतृत्व, प्रसारमाध्यमे. विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. परंतु कोणत्या प्रसंगी कोणता घटक प्रभावी ठरला, तो प्रभावी ठरला हे कशावरून ओळखावयाचे आणि तसा दावा करण्यास पुरावा किती लागतो, हे प्रश्न त्या यादीत उपस्थितच होत नाहीत. सर्वच घटक प्रभाव टाकतात असे म्हटल्यावर कोणत्याही निकालाचे स्पष्टीकरण देता येते, आणि कोणतेही स्पष्टीकरण खोटे ठरू शकत नाही. शास्त्रीय अभ्यासाच्या दृष्टीने ही स्थिती समाधानकारक म्हणता येणार नाही.

प्रस्तुत लेखात अमेरिकन मतदान-वर्तन संशोधनातील काही मूलभूत संकल्पना एका परिचित घटनेवर तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ही घटना म्हणजे १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात घेण्यात आलेला जनमत कौल होय. शिरोडा, रेडी, आरोंदा या सीमेवरील गावांतील वाचकांना तिची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. मात्र तिच्याविषयी जे सांगितले जाते ते कितपत टिकते, याची चिकित्सा अवश्य व्हावयास हवी. लेखाचे तीन उद्देश आहेत : एक, अमेरिकन प्रतिमानांची मर्यादा व उपयुक्तता स्पष्ट करणे, दोन, जनमत कौलाच्या रूढ स्पष्टीकरणांची तपासणी करणे, आणि तीन, निवडणूकविषयक कायद्यांत मतदाराविषयी कोणती गृहीतके दडलेली असतात याकडे लक्ष वेधणे.

१. अमेरिकन संशोधनाची तीन प्रतिमाने

मतदाराचा अनुभवाधिष्ठित अभ्यास पद्धतशीरपणे सुरू झाला तो १९४० च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी. पॉल लाझर्सफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी काउंटीमध्ये त्याच त्या मतदारांना निवडणुकीच्या काळात पुनःपुन्हा भेटून मुलाखती घेतल्या. 'द पीपल्स चॉइस' (१९४४) या ग्रंथात त्यांचे निष्कर्ष आले. प्रचारामुळे मतदार मोठ्या प्रमाणावर मत बदलतात ही तत्कालीन समजूत या अभ्यासाने डळमळीत केली. मतदाराचा वर्ग, धर्म आणि राहण्याचे ठिकाण यांवरून त्याचा कल बऱ्याच अंशी सांगता येतो. वृत्तपत्र आणि रेडिओ यांचा प्रभाव सरळ न पडता परिसरातील जाणत्या व्यक्तींमार्फत झिरपत येतो, असे त्यांनी दाखविले. हे समाजशास्त्रीय प्रतिमान कोलंबिया विद्यापीठाच्या नावाने ओळखले जाते.

दुसरे प्रतिमान मिशिगन विद्यापीठाचे. अँगस कँपबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स यांच्या 'द अमेरिकन व्होटर' (१९६०) या ग्रंथाने पक्षाशी असलेले मानसिक तादात्म्य ही संकल्पना केंद्रस्थानी आणली. माणूस लहानपणी घरातून एखाद्या पक्षाचा होतो, आणि मग उमेदवार व प्रश्न यांच्याकडे त्या पक्षाच्या चष्म्यातून पाहतो, असा या मांडणीचा गाभा आहे. कॉन्व्हर्स यांनी १९६४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात याहून पुढचे पाऊल टाकले. पाहणीत विचारलेल्या अनेक प्रश्नांवर सामान्य नागरिकाचे काही मतच नसते, विचारले म्हणून तो काहीतरी उत्तर देतो आणि पुढील खेपेस ते बदलते, असे त्यांचे निदान होते.

तिसरे प्रतिमान विवेकी निवडीचे. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मतदाराकडे लाभ-हानीचा हिशेब करणारी व्यक्ती म्हणून पाहिले. व्ही. ओ. की यांचा 'द रिस्पॉन्सिबल इलेक्टोरेट' हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्ष बदलणारे मतदार अजाण नसतात, सरकारच्या कारभाराविषयीच्या आपल्या मताशी सुसंगत अशीच ते आपली बाजू बदलतात, असा युक्तिवाद त्यांनी आकडेवारीच्या आधारे केला.

या तीन प्रतिमानांतील वाद अद्याप संपलेला नाही. क्रिस्टोफर एकेन आणि लॅरी बार्टल्स यांनी 'डेमोक्रसी फॉर रिअलिस्ट्स' (२०१६) या ग्रंथात मतदार प्रामुख्याने आपल्या सामाजिक गटाची ओळख मतपेटीत व्यक्त करतो असे प्रतिपादन करून विवेकी मतदाराच्या कल्पनेवर पुन्हा आघात केला. म्हणजे पाऊण शतकानंतरही प्रश्न तोच आहे : मतदार प्रश्नाचे उत्तर देतो, की आपण कोण आहोत हे सांगतो?

भारतात या अभ्यासाची सुरुवात फार उशिरा झाली असे नाही. पुणे विद्यापीठातील प्रा. व. म. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीचा केलेला अभ्यास १९६५ मध्ये ग्रंथरूपाने आला. १९६३ मध्ये रजनी कोठारी यांनी दिल्लीत स्थापन केलेल्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने १९६७ च्या निवडणुकीच्या वेळी देशव्यापी नमुना पाहणी केली. १९९० च्या दशकापासून 'लोकनीती'च्या माध्यमातून योगेंद्र यादव, सुहास पळशीकर आदी अभ्यासकांनी हे काम नियमित स्वरूपात पुढे नेले. तथापि, या परंपरेची पद्धतिशास्त्रीय शिस्त आपल्या महाविद्यालयीन लेखनात पुरेशी उतरली आहे असे दिसत नाही.

२. जनमत कौल : घटना आणि आकडे

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. ९ डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पुरस्कार करणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजेच मगोपने, सत्ता मिळविली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. स्वतंत्र अस्तित्वाची बाजू घेणाऱ्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या, डॉ. जॅक सिक्वेरा त्याचे नेते होते. विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेतील बहुमताने न होता थेट मतदारांकडून व्हावा, ही मागणी विरोधकांनी लावून धरली. गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत यासाठी प्रयत्न केले. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा संमत केला. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने तत्पूर्वी राजीनामा दिला होता.

मतपत्रिकेवर दोन पर्याय होते. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी 'फूल' आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून राहण्यासाठी 'दोन पाने'. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के मतदारांनी मतदान केले. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले.

यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. तीत ३० पैकी १६ जागा मिळवून मगोपच पुन्हा सत्तेवर आला. युनायटेड गोवन्सला १२ जागा मिळाल्या. ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले, त्यांनीच विलीनीकरणवादी पक्षाला सत्तेवर बसविले. मतदान वर्तनाच्या अभ्यासकासाठी याहून बोलके उदाहरण मराठी प्रदेशाच्या परिसरात क्वचितच सापडेल.

३. धार्मिक स्पष्टीकरणाची तपासणी

या निकालाचे सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण असे आहे की, हिंदूंनी विलीनीकरणाच्या बाजूने आणि ख्रिस्ती समाजाने विरोधात मतदान केले. हे कोलंबिया प्रतिमानाचे सोपे रूप म्हणता येईल. यात तथ्यांश आहे हे नाकारण्याचे कारण नाही. ख्रिस्तीबहुल सासष्टीत विरोध तीव्र होता हे सर्वज्ञात आहे. परंतु संपूर्ण निकालाचे स्पष्टीकरण म्हणून ते साध्या अंकगणितापुढेही टिकत नाही.

वैध मते ३,१०,३६१ होती. त्यांपैकी सुमारे ५५.५ टक्के विलीनीकरणाच्या विरोधात होती. १९६० च्या जनगणनेनुसार गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या दोन-पंचमांशाहून कमी होती. युक्तिवादासाठी ती पूर्ण ४० टक्के धरू. तसेच प्रत्येक ख्रिस्ती मतदाराने विरोधातच मत दिले असेही मानू. तरीसुद्धा उरलेली १५.५ टक्के विरोधी मते अन्य ६० टक्के मतदारांतूनच यावयास हवीत. याचा अर्थ, ख्रिस्तेतर मतदारांपैकी, म्हणजे मुख्यतः हिंदूंपैकी, किमान चौथ्या हिश्श्याने विलीनीकरण नाकारले. लोकसंख्येतील प्रमाण आणि प्रत्यक्ष मतदान करणाऱ्यांतील प्रमाण सारखे नसते, हा आक्षेप येथे घेता येईल. तो मान्य करून मतदान करणाऱ्यांत ख्रिस्ती ४५ टक्के होते असे धरले, तरी ख्रिस्तेतर मतदारांतील विरोधकांचे प्रमाण १९ टक्क्यांखाली जात नाही. आणि एकाही ख्रिस्ती मतदाराने फुलाला मत दिले नाही या अशक्यप्राय गृहीतकावर ही किमान मर्यादा उभी आहे. प्रत्यक्षातील प्रमाण याहून अधिकच असणार.

या रीतीला मर्यादांची पद्धत म्हणतात. १९५३ मध्ये डंकन आणि डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकांनी ती मांडली. तिची पार्श्वभूमी अशी की, १९५० मध्ये डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीविषयी अनुमान काढण्यातील धोका दाखवून दिला होता. अमुक तालुक्यात अमुक समाज बहुसंख्य आहे आणि तेथे अमुक पर्यायाला अधिक मते पडली, एवढ्यावरून त्या समाजाच्या व्यक्तींनीच तशी मते दिली असे सिद्ध होत नाही. मर्यादांची पद्धत या धोक्याची जाणीव ठेवून, आकड्यांवरून खात्रीने किती म्हणता येईल तेवढेच सांगते. आपल्या उदाहरणात ती खालची मर्यादा सांगते. वरची मर्यादा मात्र इतकी सैल राहते की तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही. हा नम्रपणा आपल्याकडील निवडणूक-विश्लेषणात दुर्मिळ आहे. मतमोजणी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कोणत्या समाजाने कोणाला किती टक्के मते दिली याचे कोष्टक छापून येते, तेव्हा ते नमुना पाहणीवर आधारलेले आहे की मतदारसंघाच्या आकड्यांवरून रचलेले आहे, हे विचारण्याची सवय निदान अध्यापकांनी तरी लावून घ्यावयास हवी.

४. अस्मितेच्या स्पष्टीकरणाची तपासणी

दुसरे स्पष्टीकरण मांडवीच्या तीरावर अधिक प्रिय आहे. गोव्यात १६ जानेवारी हा दिवस 'अस्मिताय दिस' म्हणून साजरा होतो. १९६७ च्या मतदाराने कोकणी भाषा, गोव्याची स्वतंत्र संस्कृती आणि घटकराज्य यांना कौल दिला, असे या मांडणीचे स्वरूप आहे.

या स्पष्टीकरणातही एक तार्किक उणीव आहे. मतपत्रिकेवर घटकराज्याचा पर्याय नव्हता. कोकणीच्या दर्जाचा प्रश्नही नव्हता. कोकणीला राजभाषेचा दर्जा देणारा कायदा फेब्रुवारी १९८७ मध्ये झाला, आणि तोही प्रदीर्घ आंदोलनानंतर. घटकराज्य ३० मे १९८७ रोजी अस्तित्वात आले. वीस वर्षांनंतरच्या घटना १९६७ च्या मतदाराच्या मनात आधीपासून होत्या असे मानणे म्हणजे निकालावरून हेतू काढणे होय. शिवाय विलीनीकरणविरोधी प्रचाराचे एक प्रभावी साधन मराठीच होते. मडगावचे मराठी दैनिक 'राष्ट्रमत' आणि त्यातील उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर यांनी हिंदू मराठी वाचकापर्यंत विरोधाचा युक्तिवाद पोहोचविला; दुसरे मराठी दैनिक 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने होते. मराठी वाचणारा मतदार म्हणजे विलीनीकरणाचा मतदार, हे समीकरण दोन्ही बाजूंच्या अभिमान्यांना सोयीचे असले तरी वस्तुस्थितीशी जुळत नाही.

प्रचारात भाषेच्या जोडीला इतर प्रश्नही होते. महाराष्ट्रातील दारूबंदीमुळे माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांचे काय होईल, सरकारी नोकऱ्या कोणाला मिळतील, गोवा हा मुंबईपासून दूरचा एक उपेक्षित जिल्हा होऊन राहील काय, असे प्रश्न विचारले जात होते. यांतील अखेरचा प्रश्न आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी शिरोडा, वेंगुर्ले, सावंतवाडी हा सर्व प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात होता. तेरेखोलच्या पलीकडून पाहणाऱ्या पेडण्याच्या मतदाराला महाराष्ट्रातील दूरचा जिल्हा कसा असतो हे समजण्यासाठी कोणाच्या भाषणाची गरज नव्हती. घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत आणि गावातील संसार मनीऑर्डरवर, हे चित्र त्याच्या सोयऱ्यांच्या घरातच होते. याचा परिणाम किती मतांवर झाला हे सांगता येणार नाही. परंतु की यांच्या विवेकी मतदाराने असाच विचार केला असता, आणि हे चित्र समोर असूनही अनेकांनी फुलाला मत दिले, हेही तितकेच विचार करण्याजोगे आहे.

५. दहा आठवड्यांचे कोडे आणि पक्ष-तादात्म्य

आता जानेवारी आणि मार्च या दोन निकालांतील विसंगतीकडे वळू. मिशिगन प्रतिमानानुसार मतदार प्रश्नाकडे पक्षाच्या चष्म्यातून पाहतो. तसे असते तर मगोपचा मतदार कौलातही मगोपच्या बाजूने उभा राहिला असता. कॉन्व्हर्स यांच्या मांडणीनुसार मतदाराला ठाम मतच नसते. तसे असते तर ८२ टक्के लोक मतदान करण्यास बाहेर पडले नसते. दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात.

मतपत्रिकेच्या रचनेत याचे एक उत्तर मिळते. कौलाच्या मतपत्रिकेवर पक्षांची नेहमीची चिन्हे नव्हती. फूल आणि पाने ही नवी चिन्हे होती. मतदारासमोर पक्ष नव्हता, प्रश्न होता. मार्चमध्ये पक्ष होता, प्रश्न नव्हता. कारण तो निकालात निघाला होता. दुसरे असे की, बहुजन समाजातील मगोप-समर्थकाच्या दृष्टीने बांदोडकरांचे सरकार हाच मोठा लाभ होता. गावोगाव मराठी शाळा आणि कूळकायद्याचा आधार त्या सरकारकडून मिळत होता. विलीनीकरण झाले असते तर गोव्याची विधानसभा आणि तिच्याबरोबर ते सरकारही संपले असते. आपला मुख्यमंत्री हवा म्हणून त्याच मुख्यमंत्र्याच्या प्रमुख मागणीला नकार देणे यात विसंगती दिसते. तथापि हिशेबात ते पूर्णतः सुसंगत आहे. तिसरे असे की, कौलात संपूर्ण गोव्याची मते एकत्र मोजली गेली, तर विधानसभेसाठी ती मतदारसंघांत विभागली गेली. मते जागांत रूपांतरित होताना बहुमत कसे बदलते हे आपण जाणतोच. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे केवळ मतमोजणीच्या आकड्यांवरून ठरविता येत नाही. परंतु मतदाराने पक्ष आणि प्रश्न यांत भेद केला असण्याची शक्यता गृहीत न धरणारे कोणतेही स्पष्टीकरण अपूर्ण ठरते.

पक्ष-तादात्म्याची संकल्पना तेरेखोलच्या अलीकडेही तपासून पाहण्यासारखी आहे. राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅ. नाथ पै यांना आणि १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा प्रा. मधू दंडवते यांना निवडून दिले. या काळात प्रजासमाजवादी पक्ष, जनता पक्ष, जनता दल अशी पक्षाची नावे व चिन्हे बदलत गेली. मतदारसंघाचा कल मात्र टिकून राहिला. १९९१ मध्ये तो काँग्रेसकडे आणि १९९६ मध्ये शिवसेनेकडे वळला. अलीकडच्या काळात सावंतवाडी विधानसभा मतदारसंघातून दीपक केसरकर २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे आणि २०१४, २०१९ व २०२४ मध्ये शिवसेनेतर्फे विजयी झाले. येथे मतदाराचे तादात्म्य नेमके कशाशी आहे? पक्षाशी, व्यक्तीशी, की एका राजकीय संस्कृतीशी? अमेरिकेत दीड शतकाहून अधिक काळ तेच दोन पक्ष प्रमुख राहिले. त्या स्थैर्याच्या पोटी जन्मलेली संकल्पना पक्षच अस्थिर असलेल्या प्रदेशात जशीच्या तशी वापरता येणार नाही, हे उघड आहे.

६. कायद्यात दडलेला मतदार

कोकणात कौल हा शब्द मूळचा देवळातला. देवाला कौल लावताना उजवी की डावी एवढेच उत्तर मिळते. त्यामुळे प्रश्न कसा घालावयाचा हे ठरविणाऱ्याच्या हाती बरेच काही असते. जनमत कौलाच्या कायद्यातही हेच घडले. दोनच पर्याय असतील, घटकराज्य हा पर्याय असणार नाही, हे कायद्याने ठरविले. कोणाला विचारावयाचे हेही त्यानेच ठरविले. मुंबईत पोटासाठी गेलेल्या गोमंतकीयांनी मतदानाच्या हक्काची मागणी केली. ती मान्य झाली नाही. जनमत हे आधीपासून कोठेतरी सिद्ध असते आणि मतपेटी केवळ ते मोजते, ही समजूत यामुळे बाधित होते. जनमताच्या 'जना'ची व्याख्या कायदा करतो.

हा विचार पुढे नेल्यास असे दिसते की, प्रत्येक निवडणूक कायद्यात मतदाराविषयीचा एक सिद्धांत न बोलता मानलेला असतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज वा भाषा यांच्या आधारे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. मुंबईतील विलेपार्ले पोटनिवडणुकीवरून उद्भवलेल्या रमेश प्रभू प्रकरणात १९९५ मध्ये आणि सांताक्रूझ मतदारसंघातून उद्भवलेल्या अभिराम सिंग प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ लावला. दुसऱ्या निकालात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने मतदाराच्या धर्माचाही या कलमात अंतर्भाव केला. अशा आवाहनाने मतदार वाहवतो, हे येथील गृहीतक कोलंबियाच्या जवळचे आहे. २००९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १२६(क) मतदान संपेपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास मनाई करते. इतरांचे मत ऐकून मतदार आपले मत बदलतो, हे त्यातील गृहीतक. १९८५ ची पक्षांतरबंदी दुरुस्ती मतदार व्यक्तीपेक्षा पक्षाला मत देतो असे मानते. हे गृहीतक मिशिगनचे. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडल्यानंतर 'मूळ पक्ष' कोणता यावर निवडणूक आयोगात व सर्वोच्च न्यायालयात जो वाद झाला, त्याच्या मुळाशीही मतदाराने नेमके कोणाला मत दिले होते हाच प्रश्न होता.

ही गृहीतके चुकीची आहेत असा येथे दावा नाही. मुद्दा असा की, त्यांची अनुभवाधिष्ठित तपासणी आपल्या न्यायव्यवहारात क्वचितच होते. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याखालील थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स या १९८६ च्या खटल्यात वंशानुसार मते विभागली जातात काय, हा प्रश्न संख्याशास्त्रीय पुराव्याच्या आधारे तपासला गेला. समूहाच्या आकड्यांवरून व्यक्तीच्या मताचा अंदाज बांधण्याच्या ज्या पद्धती विद्यापीठांत वादग्रस्त होत्या, त्या न्यायालयात पुरावा म्हणून उलटतपासणीला सामोऱ्या गेल्या. गॅरी किंग यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या सुधारित पद्धतीलाही ही पार्श्वभूमी होती. अर्थात पुरावा मागितला म्हणजे हक्काचे रक्षण झालेच असे नव्हे. २०१३ च्या शेल्बी काउंटी निकालात अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्यातील एक महत्त्वाची संरक्षक तरतूद ज्या सूत्रावर अवलंबून होती ते सूत्र घटनाबाह्य ठरविले. तरीही गृहीतक उघड मांडणे आणि त्याला पुरावा मागणे ही शिस्त अनुकरणीय आहे.

७. स्थानिक संशोधनापुढील एक जबाबदारी

वरील चर्चेवरून महाविद्यालयीन विभागांनी आपल्या परिसरातील मतदान वर्तनाचा अभ्यास हाती घ्यावा, असा निष्कर्ष कोणीही काढील. आणि तो योग्यच आहे. मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मतदानयंत्र आल्यापासून प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे स्वतंत्रपणे उपलब्ध होतात. कोकणातील एखादे केंद्र म्हणजे दोन-तीन वाड्या. वाडी म्हणजे बहुधा एक आडनाव, एक समाज. अशा केंद्राचे आकडे समाजवार मांडून प्रसिद्ध केले, तर संशोधनाच्या नावाखाली गुप्त मतदान उघडे पडते. रस्ता, नळपाणी, संरक्षक भिंत यांसाठी तीच वाडी पुढील पाच वर्षे निवडून आलेल्या माणसाकडे जाणार असते. विधी आयोगाने मार्च २०१५ मधील २५५ व्या अहवालात अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर वापरण्याची शिफारस केली ती याच भीतीपोटी. मोठ्या शहराला दूरचा वाटणारा हा प्रश्न आपल्याकडे प्रत्यक्ष आहे. म्हणून स्थानिक अभ्यासकाने केंद्रनिहाय आकड्यांऐवजी मुलाखतीवर आधारित नमुना पाहणी करावी, उत्तरदात्याची ओळख राखून ठेवावी आणि वाडीचे नाव छापू नये. जेथे आकडे वापरणे अपरिहार्य आहे तेथे अनुमानाच्या मर्यादाही त्याच पानावर द्याव्यात.

निष्कर्ष

अमेरिकन मतदान-वर्तन संशोधनाकडून आपण संकल्पना घेतल्या, त्यांची तपासणीची शिस्त मात्र पुरेशी घेतली नाही. १९६७ च्या जनमत कौलाचे उदाहरण हेच दर्शविते. धर्मावरून निकाल सांगणारे स्पष्टीकरण किमान चौथा हिस्सा ख्रिस्तेतर मतदार विसरते. अस्मितेवरून निकाल सांगणारे स्पष्टीकरण मतपत्रिकेवर नसलेला प्रश्न मतदाराच्या तोंडी घालते. पक्षनिष्ठेचे प्रतिमान जानेवारी आणि मार्च यांची सांगड घालू शकत नाही. या तिन्ही स्पष्टीकरणांत समान असे एक सूत्र आहे : प्रत्येकात मतदार हा कोणत्या तरी समूहाचा नमुना ठरतो, आणि स्वतंत्रपणे विचार करणारी व्यक्ती म्हणून त्याची दखल घेतली जात नाही.

महाराष्ट्राच्या बाजूने या घटनेकडे पाहताना गोवा 'हातचा गेला' अशी भाषा आजही कानी पडते. त्या भाषेत पेडण्याचा किंवा डिचोलीचा तो मराठी वाचणारा, देवळात आरती मराठीत म्हणणारा आणि तरीही दोन पानांवर शिक्का मारणारा मतदार एकतर फसलेला ठरतो किंवा फितुर. दोन्ही ठपके पुराव्याविना आहेत. त्याने प्रश्न समजून घेतला, आपला हिशेब केला आणि उत्तर दिले, ही शक्यता वर्गात मांडणे हे मतदान वर्तन शिकविणाऱ्याचे पहिले कर्तव्य मानावयास हवे. कारण ज्या विद्यार्थ्याला आपण १९६७ च्या मतदाराकडे तुच्छतेने पाहण्यास शिकवू, तो विद्यार्थी उद्या स्वतः मतदार असणार आहे, आणि त्याच्या मताकडेही कोणीतरी याच दृष्टीने पाहणार आहे.